अध्यक्षांचा मुक्काम देवासला

उज्जैनच्या माधव नगरातल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदी भय्यासाहेब बिनविरोध निवडून आले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. आल्या आल्या त्यांनी ‘राज्यकर्ता कसा असावा’ या विषयावर भाषण केलं. विक्रमादित्यापासून निघून ते अहिल्याबाई होळकरांपर्यंत पोचले तेव्हा कचोऱ्या गार झाल्या होत्या.

आभार मानायला प्रभाकर उठले. बँकेनं स्वेच्छानिवृत्ती दिल्यापासून त्यांच्याकडे थट्टेला भरपूर वेळ होता.

“भय्यासाहेब, आता तुम्ही राजे. पण उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या राजानं इथे रात्र काढली की त्याची गादी जाते म्हणतात. मोठेमोठे मंत्रीसुद्धा दर्शन घेऊन संध्याकाळी इंदूर गाठतात. तुमचा आजचा मुक्काम कुठे?”

सगळे हसले. भय्यासाहेब हसले नाहीत. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, आणि असल्या गोष्टींची त्या घरात थट्टा होत नसे. त्याच संध्याकाळी त्यांनी पायजमा आणि दाढीचं सामान पिशवीत भरलं, देवास गेटच्या बसस्टँडवर जाऊन बस पकडली आणि देवासला पुतण्याकडे, श्रीपादकडे, झोपायला गेले. मग तो रोजचाच क्रम झाला. सकाळी उज्जैन, संध्याकाळी देवास.

त्यांच्या पत्नी अहल्याबाई मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना पाठीचं दुखणं होतं. नळ यायचा पहाटे, तोही एक दिवसाआड, आणि बादल्या उचलायला घरात दुसरं माणूस नव्हतं. त्यांना नवरा घरी हवा होता. अध्यक्ष असला तरी चाललं असतं.

“अहो, कलेक्टर इथेच झोपतो,” त्या म्हणाल्या.

“तो नोकर आहे.”

“आणि महापौर?”

“त्यांच्या गादीची फिकीर त्यांनी करावी.”

“तुमची गादी म्हणजे ती प्लास्टिकची खुर्ची.”

“खुर्चीवर जाऊ नकोस. परंपरा बघ.”

अहल्याबाईंनी वाद थांबवला आणि वार्षिक सभेची वाट पाहिली. सभा संपत आली तेव्हा त्या उठल्या.

“राजा कोणाला म्हणायचं ते एकदा ठरवू या. माझ्या मते, ज्याचा हुकूम चालतो तो राजा. अध्यक्षांनी आत्ता एक हुकूम द्यावा. पाळला गेला तर ते राजे, खुशाल देवासला जावोत. नाही पाळला गेला तर घरी झोपतील.”

“एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढायचा, बाई?” प्रभाकरांनी विचारलं.

“माझ्या पाठीला जास्त प्रयोग झेपत नाहीत.”

भय्यासाहेब विचारात पडले. खरं तर त्यांनाही घरी झोपायचं होतं. श्रीपादकडचा दिवाण आखूड होता आणि त्याच्याकडे टीव्हीला नवीन केबल आली होती, तिचा आवाज काही केल्या थांबत नसे. पण हे कबूल करणं अध्यक्षाला शोभलं नसतं. ‘जेवायला चला’ म्हटलं तर सगळे क्षणात उठतील, हे त्यांना ठाऊक होतं. कोणीही पाळणार नाही असा हुकूम हवा होता. मंडळाच्या जेवणात स्वयंपाकापासून भांड्यांपर्यंत सगळं बायकांकडे असे, पुरुष पान खात देशाचं राजकारण चालवत.

“आज,” ते म्हणाले, “भांडी पुरुष घासतील.”

कोणी हललं नाही. भय्यासाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं, तेवढ्यात प्रभाकरांनी हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

“राजाज्ञा आहे. चला यार, यांना देवासला पाठवायचंय.”

पुढची सगळी रांग हसत उठली; जेवणं झाली की थेट नळावर जायचं ठरलं. एवढी मजा सोडायला कोणी तयार नव्हतं. अहल्याबाई खाली बसल्या. प्रयोग त्यांचाच होता, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

जेवणं झाल्यावर भय्यासाहेबांनी पिशवी उचलली. मागच्या दाराशी येऊन ते थबकले. नळाखाली प्रभाकर करपलेल्या पातेल्यावर नुसतंच पाणी ओतत होते. बाकीचे ताटं विसळून पुन्हा खरकट्यातच ठेवत होते.

“राख घ्या,” भय्यासाहेब म्हणाले.

“तुमची बस आहे ना?”

“आहे.” त्यांनी भांड्यांचा ढीग पाहिला. पिशवी खुंटीला अडकवली आणि बाह्या वर सारल्या. “मी पुरुष म्हटलं होतं. त्यात मीही आलो.” आणि पातेलं ओढून ते उकिडवे बसले.

“राजेसाहेब, गोंधळ झाला,” प्रभाकर म्हणाले. “स्वतःचाच हुकूम पाळताय. म्हणजे प्रजेत आलात की.”

अहल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “मग निष्कर्ष काय?”

“बस चुकली, हा निष्कर्ष,” भय्यासाहेब मान वर न करता म्हणाले. काही वेळानं ते कमरेवर हात ठेवून कसेबसे उठले. “यानं तर कंबर मोडते. इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?”

“बोलले होते मी,” अहल्याबाई म्हणाल्या, “तुम्ही देवासला होता.”