कमळावर ठेवलेली नोट

मी एक जुना सागवानी गल्ला आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे काही नाही, अशी शंका मला नेहमी येते. तरी मित्रांनो, एक गोष्ट अभिमानाने सांगतो.

आष्टीच्या गोमाजी मिस्त्रींनी मला घडवले आणि झाकणावर कमळ कोरले. तेव्हापासून मी सावंगीला, दवाखान्याच्या रस्त्यावर, प्रेमदासभाऊंच्या दुकानात आहे. बादल्या, चादरी, थर्मास घ्यायला रुग्णांचे नातेवाईक येतात. हल्ली बरेच जण मोबाइलनेच पैसे देतात. मग माझ्यावर कुणी चहाचा कपही ठेवते.

पण बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, रोखीनेच घ्यायची असा भाऊंचा नेम. ती नोट कपाळाला लावायची आणि लगेच माझ्या पोटात टाकायची. त्या गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही.

हा नेम एका लबाडाने हेरला. दुकानात कामाला असलेल्या सोनमला त्याने दोनशेची नोट देऊन साबण घेतला. नोट आत पडताच तो ओरडला, “ताई, पाचशे देल्ले ना मी! जल्दी करा, माहा भाऊ दवाखान्यात भरती हाये!”

माझ्या पोटात आदल्या दिवशीच्या पाचशेच्याही नोटा होत्या. सोनम गोंधळली. बोहनीला वाद नको म्हणून तिने पाचशेच्या हिशेबाने सुटे परत दिले.

संध्याकाळी हिशेब चुकला. भाऊ कडाडले, “पुन्हा असं झालं, तं कामावर नको येजो!” तिच्या घरी तेवढाच पगार येत होता. मला सारे ठाऊक होते. पण लाकडाचे कोण ऐकणार?

काही दिवसांनी दुसरा माणूस तोच डाव घेऊन आला. सोनमने नोट कपाळाला लावली आणि माझ्या झाकणावर ठेवली.

“बोहनी बाहेर काऊन ठेवली वं?” भाऊंनी विचारले.

“लक्ष्मीले कमळावर बसू द्या ना भाऊ, दोन मिनिटं.”

सुटे हातात पडताच तो माणूस म्हणाला, “मी तं पाचशे देल्लते!”

“हे पाहा दादा, तुमचीच दोनशेची नोट. अजून आत गेलीच नाई.”

“घाईत चुकलो,” असे पुटपुटत तो निघून गेला.

भाऊंनी सोनमला विचारले, “त्या दिवशीबी असंच झालतं का? मले काऊन नाई सांगतलं?”

“तुम्ही इचारलं कुठं?”

आता भाऊसुद्धा गिऱ्हाईक सुटे घेऊन जाईपर्यंत नोट माझ्या कमळावरच ठेवतात. शेजारचे दुकानदार ही रीत पाहून गेले, तेव्हा माझी छाती फुलली.

मित्रांनो, कुणी घाई केली तरी तुम्ही सावकाश राहा. आणि आपले माणूस फसले, तर रागावण्याआधी त्याला एकदा विचारा, काय झाले?