मोडलेला नर

“तुरटी दे,” प्लासिदो दारातूनच म्हणाला. “असेल नसेल तेवढी.”

रविवार होता. उत्तरेचा वारा दुकानाचा पत्रा उचकटायला बघत होता आणि हा माणूस पोत्यात काहीतरी गुंडाळून उंबऱ्यावर उभा. मी अल्वारादो या खाडीकाठच्या गावातला न्हावी, हा इथला लाँचचा मिस्त्री. चड्डीत होतो तेव्हापासूनची ओळख. पण कित्येक महिन्यांत तो माझी पायरी चढला नव्हता. दाढी तर छातीकडे निघाली होती. म्हणजे कोपऱ्यावरच्या नव्या सलूनवालीकडेही जात नव्हता, एवढंच काय ते समाधान.

“तुरटी मग. आधी ते जंगल काढू दे.”

“चेंचो, थट्टा नको. दार लाव.”

लावलं. त्याने डाव्या हाताने पोतं उलगडलं. आत नेमेसियाच्या लाँचच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड होतं. एका बोल्टच्या भोकातले आटे झिजले होते, ते तो नव्याने पाडत होता, आणि आटे पाडायचा पोलादी टॅप आतच मोडला होता. भोकात तुटक्या टॅपचा करडा ठिपका तेवढा दिसत होता. पकडीत धरायला टोक नाही. ड्रिल मारावं तर टॅप ड्रिलला दाद देणार नाही, ड्रिल घसरून बाजूचं मऊ ॲल्युमिनियमच खाणार.

“तुरटीच्या पाण्यात उकळत ठेवलं की पोलाद विरघळतं, हेडला काही होत नाही,” तो म्हणाला. “केमिस्ट आज बंद आहे. आणि माझ्याकडे उकळत बसलो तर सगळ्या धक्क्याला कळेल.”

“कळू दे की. टॅप कुणाचा मोडत नाही?”

“माझा नाही मोडत.”

ते खरं होतं. त्याच्या हाताखालून गेलेलं इंजिन परत येत नाही, असं गाव म्हणायचं, आणि त्या म्हणण्याखेरीज त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. नेमेसियाने बजावलं होतं, सोमवारी सकाळी लाँच चालू झाली नाही तर इंजिन शहराच्या मोठ्या बंदरातल्या गॅरेजला जाईल. ती गेली की तिच्यामागे सगळ्याच लाँचा जाणार.

माझा तुरटीचा खडा वडिलांच्या वेळचा, विटेएवढा. गिऱ्हाइकांच्या गालांवर फिरून फिरून मधे खोलगट झालेला. फडक्यात बांधून हातोडीने फोडताना जिवावर आलं. मागच्या चुलीवर घेवडा शिजवायचं मातीचं भांडं चढवलं आणि हेड त्यात बुडवलं. भोकातून बारीक बुडबुडे वर यायला लागले.

मग वाट बघणं आलं. प्लासिदो दर थोड्या वेळाने झाकण उचलायचा. बस म्हटलं की बसायचा, लगेच उठायचा. मला तरी कुठे बसवत होतं? मी स्वच्छ वस्तरे पुन्हा स्वच्छ केले. पाणी आटलं की भर घालत होतो. पत्रा वाजत होता. त्याचा उजवा हात खिशातच होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

“चेंचो, तो थेरडा आत आहे ना?” नेमेसिया. दार ढकलून आलीच. “काय रे प्लासिदो, नर मोडला म्हणे तुझा! तू हासडलेली शिवी खाडीपलीकडे ऐकू आली.”

आमच्याकडे टॅपला ‘छोटा नर’ म्हणतात, आणि अल्वारादोतल्या बायकांच्या तोंडाला तेवढं निमित्त पुरतं.

“या वयात मोडायचाच,” ती हसत सुटली. सवयीने मीही हसलो. “ते राहू दे. उद्या सकाळी इंजिन मिळणार का? नाही तर मी निघाले बंदराला.”

“मिळेल,” तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने हात खिशातून काढला आणि माझ्यासमोर धरला. हात थरथरत होता. थांबवायला गेला की जास्तच.

“म्हणून येत नव्हतास?”

“तू गळ्याभोवती ती चादर टाकतोस. तिच्याखाली हात हलला की बाकावरच्या सगळ्यांना दिसणार.”

मला राग आला. त्या हाताचा, त्याच्या गप्प राहण्याचा आणि मघाशी हसलो त्याचाही.

उन्हं कलली तेव्हा पाणी गंजाच्या रंगाचं झालं होतं. हेड धुतलं, भोकात सुई घातली. टॅपचा काळा चुरा सुटून बाहेर आला. प्लासिदोने खिशातून नवा टॅप काढला, भोकावर धरला. टोक काठावर खडखडत राहिलं, आत काही बसेना. त्याने तो माझ्यापुढे ठेवला.

“तू कर.”

“अरे, मी दाढ्या करतो!”

“म्हणूनच. तेल लाव. सरळ उभा धर. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. जोर नको.” तो कान लावून वाकला. “थांब. कुरकुरतोय. मागे घे. हां, आता चल. आणि हलू नकोस!”

हे माझं वाक्य होतं. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला मी ते जन्मभर ऐकवत आलोय.

सकाळी वारा पडला. नेमेसियाची लाँच पहिल्या झटक्यात चालू झाली. “हात आहे बाबा तुझा!” ती सुकाणूवरून ओरडली.

“माझा नाही,” प्लासिदो म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते फक्त मला ऐकू आलं.

दुकानात बाक भरलेला होता. मागोमाग तो आला, कुणाकडे न बघता खुर्चीत बसला.

“काढ जंगल.”

मी चादर टाकली. तिच्याखाली हात हलायला लागला. बाकावरच्या गप्पा बंद झाल्या. दाढी कात्रीने उतरवली, फेस लावला, वस्तरा उघडला, आणि ते नेहमीचं वाक्य ओठांवर आलं. गिळलं.

“तुरटी संपलीय,” मी म्हणालो. “कापलं तर रक्त थांबायचं नाही.”

“तू नाही कापणार,” तो म्हणाला आणि डोळे मिटून मान मागे टाकली.

चादर हलत होती. मी वस्तरा त्याच्या गळ्याला लावला.