असं मूल एकच

केस कापणारी बाई बडबडी असते, असा लोकांचा समज आहे. साफ चूक. बडबडतात त्या खुर्चीतल्या बायका. केस कापणारी नुसती ऐकते. भिंगरीच्या आईचं पार्लर छोटंसंच होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, डोकं धुवायचं एक बेसिन आणि थांबलेल्यांसाठी एक कुरकुरणारा सोफा. पण गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री चालू झाली की भल्याभल्या बायकांची जीभ सैल सुटायची. समोरासमोर जे बोलवत नाही ते आरशात बघून बोलता येतं. सासू, नवरा, साहेब, सगळ्यांचा तिथे उद्धार व्हायचा. धंद्याचा नियम मात्र एकच होता: खुर्चीतलं बोलणं खुर्चीतच राहतं. हा नियम तिने कधी मोडला नव्हता, म्हणून तर गिऱ्हाइकं टिकून होती.

भिंगरी म्हणजे तिची मुलगी, चौथीतली. एका जागी बसेल तर शपथ. गणित अर्ध्यावर टाकून खिडकीतल्या मांजरीची विचारपूस करायला जायची, चप्पल एक या खोलीत तर दुसरी त्या खोलीत, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी. वर्गात कुणी पडलं तर उचलायला सगळ्यांच्या आधी धावणारीही तीच, पण ते प्रगतिपुस्तकात लिहीत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, लाडावून ठेवलीय. नणंद म्हणाली, दोन ठेवून द्या, येईल ताळ्यावर. शेजारणीने सगळं खापर मोबाइलवर फोडलं. सल्ले द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं!

शेवटी आई तिला घेऊन मुलांच्या मनोविकारतज्ज्ञाकडे गेली. त्यांनी भिंगरीला दोन-तीनदा नीट तपासलं, शाळेकडून माहिती मागवली आणि सांगितलं, "हिला एडीएचडी आहे. लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं हिला इतर मुलांपेक्षा जड जातं. मुद्दाम करत नाही ती. आणि तुमच्या वाढवण्यात काही खोट नाही." लिफ्टमधून खाली उतरताना ती ढसाढसा रडली. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत रडणं थांबलं होतं आणि राग आला होता. इतकी वर्षं ती घरी, शेजारी, शाळेत, सगळ्यांची माफी मागत हिंडली होती. कशासाठी?

डॉक्टरांनी शाळेसाठी साधेच उपाय सांगितले होते. पुढच्या बाकावर बसवा. काम तुकड्यातुकड्यांनी द्या. मधूनमधून उठू द्या, फळा पुसायला सांगा, खडू आणायला पाठवा. शाळेने काय केलं? वर्गाबाहेर व्हरांड्यात एक बाक टाकला. भिंगरी चुळबुळली की बाहेर. मधे बोलली की बाहेर. हळूहळू पोर वर्गात कमी आणि बाकावर जास्त दिसायला लागली. आणि मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, भिंगरीच्या आईला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "दुसरी शाळा बघा. असं मूल आमच्याकडे एकच आहे. एकीसाठी सगळी शाळा कशी बदलायची? शुक्रवारी संध्याकाळी या, अर्जावर सही करा, दाखला देऊन टाकू."

आता गंमत बघा. हे धादांत खोटं आहे हे भिंगरीच्या आईला पक्कं ठाऊक होतं. बँकेतल्या मॅडमचा मुलगा त्याच शाळेत, तसाच. मोठ्या बाईंनी त्यांनाही 'असं मूल एकच' ऐकवलं होतं, आणि त्या खुर्चीत बसून हुंदके देत म्हणाल्या होत्या, "कुणाला सांगू नका हं ताई." बेकरीवाल्या काकूंची नातही तशीच. त्यांनीही तेच वाक्य ऐकलं होतं आणि तीच शपथ घातली होती. दोघी एकमेकींच्या शेजारी बसून केस कापून घ्यायच्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. भिंगरीच्या आईच्या पोटात दोन्ही गुपितं खदखदत होती. बोलावं तर विश्वासघात, न बोलावं तर लेक शाळेबाहेर.

शुक्रवारी सकाळी बँकेतल्या मॅडमच्या डोक्यावर नुकताच रंग लावून झाला होता. काकू बेसिनमध्ये मान टाकून फेसात डोळे मिटून पडल्या होत्या. सोफ्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई भुवयांसाठी थांबल्या होत्या. तेवढ्यात शाळेतून फोन आला. संध्याकाळची वाट बघायला नको, आत्ताच या. मुलगी दप्तर घेऊन बाहेर बसलीय.

तिने फोन ठेवला. मदतनीस मुलगी रजेवर होती. एकीचं डोकं रंगात, दुसरीचं फेसात. असं गिऱ्हाईक टाकून ती जन्मात गेली नव्हती. क्षणभर तिला वाटलं, पोट बिघडलं म्हणून सांगावं. मग तिची तिलाच चीड आली. दुसऱ्यांची गुपितं दुसऱ्यांची. पण स्वतःचं गुपित फोडायला कुणाची परवानगी लागते?

"ऐका," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या मुलीला एडीएचडी आहे. शाळा तिला काढून टाकतेय. म्हणतात, असं मूल आमच्याकडे एकच. मी सही करणार नाही. मी भांडायला चाललेय."

आरशात बँकेतल्या मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मग बेसिनमधून, डोळे मिटलेलेच ठेवून, काकू म्हणाल्या, "एकच कसं? आमची छोटी काय मोजायचीच नाही?"

"आणि माझा मुलगा?" मॅडम पुटपुटल्या, आणि लगेच मोठ्याने म्हणाल्या, "माझा मुलगा?"

सोफ्यावरच्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "माझ्या मुलाला मी गेल्या वर्षीच तिथून काढलं. मला वाटलं, आमचंच काहीतरी चुकलं."

"मग चला," काकू म्हणाल्या. "आधी माझा फेस काढ गं बाई."

"मॅडम, तुमचा रंग? धुवायला अजून वेळ आहे," भिंगरीची आई म्हणाली.

"राहू दे तसाच. काळेच करायचे होते ना? होतील आणखी काळे."

रस्त्यातली माणसं वळूनवळून बघत होती. बघणारच. एकीच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी आणि कपाळावर ओघळ, दुसरीच्या डोक्याला टॉवेल, तिसरीच्या न कोरलेल्या भुवयांत राग. शाळेच्या शिपायाने हात आडवा केला. "एकाच पालकाला सोडायचं सांगितलंय."

"आम्ही एकच आहोत," काकू म्हणाल्या आणि त्याच्या हाताखालून आत शिरल्या.

व्हरांड्यात भिंगरी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. आज तिचे पायसुद्धा हलत नव्हते. ते बघून भिंगरीच्या आईने दार न ठोठावताच मोठ्या बाईंची खोली गाठली.

मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "ह्या कोण?"

"तुम्ही म्हणालात ना, असं मूल एकच आहे? त्या एका मुलाच्या ह्या बाकीच्या आया. आणि ही आजी."

मोठ्या बाईंनी टोपीकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं. मग त्या चिडल्या. शिस्त, वर्गातली गर्दी, बाकीच्या पालकांच्या तक्रारी, सगळं बोलून झालं. शेवटी थकून म्हणाल्या, "खरं सांगू? आमच्या शिक्षकांना यातलं काही कळत नाही."

"आम्हाला तरी कुठे कळत होतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून काय मूल बाहेर बसवायचं?"

"आमचे डॉक्टर शाळेत येऊन शिक्षकांशी बोलायला तयार आहेत," भिंगरीची आई म्हणाली. "दिवस तुम्ही ठरवा. पुढचा बाक, छोटं काम, मधे उठायची मुभा. एवढं जमणार नसेल तर तसं लिहून द्या, आम्ही ते घेऊन शिक्षणखात्याच्या ऑफिसात जातो. सगळ्या मिळून. आणि मंगळवारी माझं दुकान बंद असतं, तेव्हा आम्ही तिथे बसणार आहोत. शाळेत असं एकच मूल असलेले आणखी कोण पालक आहेत, त्यांना आमचा पत्ता द्या."

मॅडमच्या कपाळावरचा काळा ओघळ टेबलावर टपकला. तो कुणी पुसला नाही.

"ठीक आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारी पाठवा तिला."

"मला नका सांगू," भिंगरीची आई म्हणाली. "दप्तर भरून जा म्हणून तुम्ही तिला सांगितलंत. आता हेही तिलाच सांगा."

मोठ्या बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, थांबल्या, मग व्हरांड्यात जाऊन बाकासमोर वाकल्या. "सोमवारी ये हं शाळेत."

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं, मग दारातल्या बायकांच्या त्या अवताराकडे बघितलं आणि विचारलं, "वर्गात?"

"वर्गात," मोठ्या बाई म्हणाल्या.