टिकलीखालचा पिवळा दिवा

मी एक जुना सेन्सर आहे, मित्रांनो. बोटाएवढा. शिरूर कासारच्या एका दूध संस्थेच्या पिकअपमध्ये, पुढच्या चाकापाशी बसतो. माझ्यासमोर दातेरी कडं फिरतं. त्याचे दात मोजायचे आणि चाकाचा वेग ब्रेक सांभाळणाऱ्या पेटीला कळवायचा, हे माझं काम. जोराच्या ब्रेकने चाक आवळून घसरायला लागलं, की पेटी ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, धरते, पुन्हा सोडते. चाक फिरत राहतं, म्हणून स्टेअरिंग वळवलं की गाडीही वळते. चार चाकांपाशी आम्ही चौघे. एकाने जरी तोंड मिटलं, तरी पेटी हे काम थांबवते आणि ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लावते. मग साधा ब्रेक तेवढा उरतो.

दुष्काळाचं साल होतं. संस्थेने जनावरांची छावणी काढली होती. आमचा ड्रायव्हर सुग्रीव रोज माजलगावहून उसाचे हिरवे शेंडे भरून आणायचा. रस्त्याचा फुफाटा माझ्यावर बसला, लोखंडाची भुकटी चिकटली. मला दात दिसेनात. मी गप्प झालो.

दिवा लागला. "गाडी गॅरेजला लावली तर जनावरं काय खातील?" सुग्रीव पुटपुटला. ब्रेक तर लागत होता. त्याने बायकोच्या टिकल्यांच्या पाकिटातली मोठी टिकली दिव्यावर चिकटवली. झालं!

चौथ्या दिवशी वळणावर म्हातारा हरिबा शेळ्या घेऊन आडवा आला. रस्त्यावर मुरूम सांडलेला. सुग्रीवने ब्रेकवर पाय रोवला, स्टेअरिंग गरकन फिरवलं. चाकं जागीच आवळली आणि गाडी सरळ घसरत गेली. हरिबाचा पाय मोडला.

"ब्रेक मारला न्हाईस का बे?" तो कण्हत होता.

"मारला, आबा. लई जोरात मारला. गाडी वळलीच न्हाई!" सुग्रीव रडत होता. माझी तर मेल्याहून मेल्यासारखी गत झाली.

गॅरेजवाल्याने मला काढलं, फडक्याने पुसलं, परत बसवलं. त्याचा चहासुद्धा निवला नव्हता. एवढंसं काम होतं हो!

आता सुग्रीव दर सोमवारी हरिबाला दवाखान्यात नेतो. चावी फिरवली की पिवळा दिवा लागतो आणि आम्ही चौघे ठीक असलो की विझतो. तोवर सुग्रीव गाडी हलवत नाही.

"कावून थांबलास?" एकदा हरिबाने विचारलं.

"दिवा इझू द्या, आबा."

हरिबा मांडीवर काठी धरून दिव्याकडं बघत राहिला. "तवाबी थांबला असतास, तर मी आज शेळ्यांमागं असतो."

दिवा विझला, तशी सुग्रीवने गाडी हळूच पुढे काढली. मित्रांनो, आम्ही मळलो तर पुसा, थकलो तर बदला. पण आमच्यासाठी लागलेला दिवा तेवढा झाकू नका.