मिटल्या डोळ्यांची मोजणी

त्या मिशनच्या शाळेत विद्यार्थी-प्रमुखाची निवडणूक प्रार्थनेनंतर तिथल्या तिथेच उरकत. सगळ्यांनी डोळे मिटायचे, आपल्या उमेदवाराचं नाव आलं की हात वर करायचा. डोळे उघडे फक्त मुख्याध्यापक फादरांचे. हात मोजणारे तेच, निकाल सांगणारेही तेच. कुणाचं मन दुखायला नको म्हणून ही पद्धत, असं म्हणत. निकाल दर वर्षी फादरांच्या मनासारखा लागे, आणि त्याचं कुणालाही नवल वाटत नसे.

वाटलं ते राज्यशास्त्राच्या नव्या बाईंना. निवडणुकीच्या आदल्याच दिवशी त्यांनी वर्गाला ठासून सांगितलं होतं, की मत गुप्त असावं, पण मोजणी चारचौघांत व्हावी. तेव्हा मागच्या बाकावरून तोफ उठली. ही पोरगी प्रश्न विचारायला लागली की धर्मशिक्षणाच्या सिस्टरसुद्धा घड्याळाकडे बघायच्या, म्हणून तिला ते नाव पडलेलं. यंदा ती निवडणुकीला उभी होती.

"आपल्या शाळेतपण, बाई?"

"आपल्या शाळेतपण," बाई बोलून बसल्या.

बाईंची नोकरी तात्पुरती होती. कायम करायचं की नाही ते फादर याच आठवड्यात ठरवणार होते. "तोवर तोंडाला कुलूप लाव गं," आई रोज बजावायची, "मग घाल काय गोंधळ घालायचा तो." आईचं काही चुकत नव्हतं. घर बाईंच्याच पगारावर चालत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि फादर म्हणाले, "डोळे मिटा." बाईंनी मिटले नाहीत. आधी प्रार्थनागीतं गाणाऱ्या क्वायरमधल्या गोड गळ्याच्या मुलीचं नाव आलं. पुढच्या दोन-तीन रांगांतले हात वर झाले. तोफेच्या नावाला मात्र सभागृहभर हातच हात.

फादरांनी क्वायरची मुलगी निवडून आल्याचं जाहीर केलं.

टाळ्या पडल्या. तोफेनं नुसतं वळून बाईंकडे पाहिलं. फादर लबाड असते तर सोपं होतं. पण हा माणूस मुलांसाठी आयुष्यभर झिजलेला, आणि म्हणूनच त्यांचं भलं आपल्यालाच कळतं असं धरून चाललेला. आज आपण गप्प बसलो तर उद्या कुठल्या तोंडानं फळ्यापुढे उभं राहायचं? बाई पुढे झाल्या.

"फादर, मोजणी चुकलीय."

"तुमचे डोळे उघडे होते? प्रार्थनेत?"

"प्रार्थना संपली होती, फादर. मतदान चालू होतं."

सिस्टरांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"परत घेऊ या," बाई म्हणाल्या. "मुलांचे डोळे मिटलेलेच राहू देत. फक्त दोन्ही बाजूंची एकेक मुलगी तुमच्या शेजारी उभी राहून मोजू दे."

अख्ख्या शाळेसमोर नाही तरी कसं म्हणणार? फादरांनी मान डोलावली. तोफेच्या बाजूनं तिची बाकावरची सोबतीण आली. क्वायरच्या मुलीकडून आली सावली, म्हणजे तिची जिवलग मैत्रीण. दोघी एकमेकींना सोडून डबासुद्धा खात नसत.

पुन्हा हात वर झाले, खाली आले. फादरांनी सावलीलाच विचारलं. त्यांची भिस्त तिच्यावर होती.

"सांग बाळ, कोण निवडून आलं?"

सावलीनं मैत्रिणीकडे पाहिलं. तिचे स्वतःचेच डोळे भरून आले.

"तोफ," ती म्हणाली.

"नीट मोजलंस?"

"दोनदा मोजलं, फादर." आणि ती रडायलाच लागली.

फादरांनी तोफेचं नाव जाहीर केलं.

व्हरांड्यात त्यांनी बाईंना गाठलं. "पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणीतरी येईल," ते हळू आवाजात म्हणाले.

बाईंना आईचा चेहरा दिसला.

"बरं, फादर. पण हे वर्ष संपायला अवकाश आहे. न्यायसंस्थेचा धडा अजून शिकवायचा राहिलाय."

आणि त्या वर्गाकडे चालू लागल्या.