हिरेबाव

शेषेराव गुरुजींनी मखमली कापडाची गाठ सोडली, फलकावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं कापड परत खाली सोडलं. शाळेच्या टेबलावरचं ते लाल कापड आज पडद्याच्या कामाला आलं होतं. त्याखाली पिवळ्या रंगात लिहिलं होतं : 'हिरेबाव. जगप्रसिद्ध कोहिनूर हिरा दिल्लीला जाताना या बावीत एक रात्र मुक्कामाला होता.' रंग अजून पुरता वाळला नव्हता, नाहीतर गुरुजींनी अक्षरांवरून हातही फिरवून घेतला असता.

सतरा सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन नुकतंच आटोपलं होतं. शाळेची पोरं लाडू खात बावीकडे येऊ लागली होती. लातूरहून इतिहास मंडळाचे पाहुणे निघाले होते, त्यांच्या हस्ते पडदा उघडायचा होता, आणि त्याआधी गुरुजींना बोलायचं होतं. बोलायचं काय, तर नोकरीला लागल्यापासून निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतरही जे बोलत आले तेच. निलंगा तालुक्याच्या टोकाचं हे गाव. ओढा ओलांडला की कर्नाटक. नकाशावर बोट ठेवून शोधावं लागेल अशा या गावाला गुरुजींनी कोहिनूर मिळवून दिला होता. तालुक्यातल्या शिक्षकांत त्यांचं नावच 'कोहिनूर गुरुजी' पडलं होतं. कुणी ते थट्टेनं घेतलं तरी गुरुजी ओ देत. खोटं कशाला बोला, त्यांना ते नाव फार आवडायचं.

बाव होतीच तशी. चारी बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, भिंतीत कोरलेल्या देवळ्या आणि तळाशी हिरवं, गार पाणी. गुरुजी नव्यानं गावात आले तेव्हा तिला हिरेबाव का म्हणतात, हे त्यांच्या आळीत कुणालाच धड सांगता येईना. त्यांना मात्र ऐकताक्षणी उलगडा झाला. हिऱ्यांची बाव ती हिरेबाव! हिरे कुठले, तर गोवळकोंड्याकडचे. आणि तिकडून दिल्लीला जाणारी वाट कुठून, तर इथूनच कुठून तरी. मग त्यांनी वाचलं, विचारलं, हैदराबादला निजामाचं जवाहिर मांडलं होतं तेव्हा रजा काढून पाहून आले, आणि मधल्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्या स्वतःच्या मनानं भरल्या. हिरा बावीच्या पूर्वेकडच्या देवळीत ठेवला होता आणि रात्रभर पाणी उजळलं होतं, ही भर त्यांचीच. माणूस एखाद्या गोष्टीच्या प्रेमात पडला की असंच करतो.

"मामा, च्या घ्या."

सून सिंधु कपबशी घेऊन उभी होती. निलंग्याला तिचं स्वतःचं औषधाचं दुकान. आज कार्यक्रमासाठी तिनं ते बंद ठेवलं होतं. माहेर कर्नाटकातल्या भालकीकडचं. घरात मराठी, पण शाळा सगळी कानडी झालेली. गुरुजींनी बशीत चहा ओतला तरी ती गेली नाही.

"काय गं?"

"एक सांगू का? राग येईल तुमाला."

"आज कशाचा राग? सांग."

"हिरे म्हंजी हिरे न्हाईत हो, मामा."

गुरुजींनी बशी तोंडाजवळ नेली होती, ती तिथेच राहिली.

"कानडीत हिरे म्हंजी मोठं. थोरलं. आमच्याकडं हिरेमठ आडनावाचे लोक हायत. ते काय हिऱ्यांचे मठ का? मोठा मठ, तो हिरेमठ. आन् विहिरीला बावी म्हणतेत. हिरे बावी. मोठी विहीर. एवढंच हाय ते."

"एवढंच," गुरुजी म्हणाले.

"हाव."

"तू या घरात येऊन सहा वर्षं झाली. आज आठवलं?"

"पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुमीच आणलं होतं मला बाव दाखवायला. सांगताना इतके खुशीत होते की मला मोडता घालावा वाटला न्हाई. तोंडानं सांगून राहिले तवर गोष्टच ती, कुणाचं काय जातंय? पण आज बोर्डावर चढून राहिलंय. लातूरचे लोक फोटू काढतील. त्यांच्यात कुणी बिदर-भालकीकडचं निघालं आन् हसलं तर? तुमाला कुणी हसलेलं मला चालायचं न्हाई."

गुरुजींना राग आला. तो सुनेवर काढावा असं वाटलं, पण तिचा चेहरा पाहून तेही जमेना. नातू बोलायला लागला तेव्हा ती त्याच्याशी कानडीत लाडानं बोलायची. 'एक भाषा पक्की होऊ दे, घरात कानडी नको,' असं म्हणून गुरुजींनीच तिला गप्प केलं होतं. ते नेमकं आता, नको त्या वेळी आठवलं. त्यांनी चहा न पिताच कपबशी तिच्या हातात दिली आणि तरातरा निघाले.

बावीच्या वरच्या अंगाला लिंगायतांची आळी, घरात कानडी बोलणारी. तिथल्या पहिल्याच ओट्यावर बसम्मा ऊन खात बसली होती. नव्वदीला टेकलेली, पण कान तिखट. गुरुजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते तिला काही विचारायला आले, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"बसम्मा, हिरे म्हंजी काय?"

"कुठलं हिरे? तुझं का माझं?"

गुरुजींना उत्तर तिथेच मिळालं होतं. तरी ते म्हणाले, "तुझं."

"मोठं," बसम्मा म्हणाली आणि तिनं दोन्ही हात जमतील तेवढे पसरून दाखवले.

"मग मला कधी बोलली कामून न्हाईस?"

"तू इचारलास कधी?" बसम्मा बोळक्या तोंडानं हसली. "आन् तू सांगतूस किती चांगलं, मास्तर! नादिरशानं पगडी बदलली म्हणतूस तवा माझ्या अंगावर काटा येतूय. आमची समदी आळी येती की तुझं ऐकाया. बाव मोठी हाय ते आमाला रोज दिसतंय. हिरा कुठला दिसाया, तू दाखवल्याबिगर?"

गुरुजी ओट्यावर टेकले. म्हणजे ही आळीच्या आळी इतकी वर्षं त्यांच्यासमोर मांडी घालून बसत होती, मान डोलावत होती, आणि बावीच्या नावाचा अर्थ पोटात ठेवून घरी जात होती. त्यांना हसू येईना आणि रडूही येईना. आयुष्यभर जे नाव छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं, ते आता काढून ठेवायचं की तसंच राहू द्यायचं, एवढाच प्रश्न होता. तसंच राहू दिलं असतं तर कुणी बोललं नसतं. सिंधु बोलली नसती, बसम्मा तर नाहीच नाही. फलक तयार होता, पाहुणे वाटेत होते. नुसतं गप्प राहायचं होतं.

खालून गाड्यांचा आवाज आला.

प्रमुख पाहुण्यांचं नाव हणमंतराव. त्यांचं शाल-श्रीफळ झालं, माइक दोनदा किंचाळून शांत झाला आणि गुरुजी उभे राहिले. बावीच्या चारी अंगांच्या पायऱ्यांवर गाव बसलं होतं. पुढे पोरं, मागे बायका, वर झाडाखाली म्हातारी माणसं. बसम्माला कुणीतरी धरून आणून खुर्चीत बसवलं होतं. गुरुजींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

त्यांची सांगायची रीत उलटी होती. ते लंडनपासून सुरू करायचे आणि हिऱ्याला एकेका हातातून मागे मागे आणायचे. आजही त्यांनी राणीच्या मुकुटातला हिरा काढला आणि घासून घासून लहान केलेला तो तुकडा पुन्हा पहिल्याएवढा केला. लाहोरच्या पोरक्या बाळराजाकडून तो इंग्रजांनी कसा घेतला, हे सांगताना त्यांचा आवाज चिरला. मग रणजितसिंह महाराज आले. "नांदेडला आपण ज्या सचखंडासमोर माथा टेकतो, ते बांधणारे महाराज! त्यांच्या दंडावर हा हिरा होता!" पोरांनी टाळ्या पिटल्या. मग काबूल, मग अब्दाली, मग नादिरशाह. दिल्लीच्या बादशहानं हिरा पगडीत दडवला आहे, ही कुणकुण लागल्यावर नादिरशाहानं दोस्तीच्या नावाखाली पगडीला पगडी कशी बदलून मागितली, ते गुरुजींनी स्वतःची टोपी काढून दाखवलं. बसम्मानं पदर दातात धरला. मग मोराचं सिंहासन, आणि त्याच्याही आधीचा तो बादशहा, ज्यानं हिऱ्याची किंमत सांगताना म्हटलं, की साऱ्या जगाला अडीच दिवस जेवू घालता येईल.

गुरुजी इतके चांगले कधीच बोलले नव्हते. हणमंतरावांनी फोन खाली ठेवला होता आणि ते हनुवटीला हात लावून ऐकत होते.

"आणि दिल्लीच्या आधी," गुरुजींनी सवयीनं विचारलं, "दिल्लीच्या आधी तो हिरा कुठं होता?"

"हिरेबावऽऽ!" पोरांनी एका सुरात आरोळी ठोकली. आवाज बावीत उतरून परत वर आला.

गुरुजींनी तो विरू दिला. सिंधु बायकांच्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

"न्हाई," गुरुजी म्हणाले.

पोरांना वाटलं, ही नवी गंमत आहे. ती हसली. मोठी माणसं हसली नाहीत.

"तो हिरा आपल्या गावाला आला न्हाई. आला असं मीच सांगत आलो. तुमच्या बापांना सांगितलं, तुमाला सांगितलं. हिरे हा शब्द मी माझ्या भाषेत ऐकला. तो आपल्याच गावातल्या दुसऱ्या भाषेतला हाय. इथं राहून ती मला आली न्हाई."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुजींचा आवाज सरळ होता. वर्गात असायचा तसा.

"पण ऐका. तो हिरा ज्याच्या ज्याच्या हाती गेला, त्याला तो दडवावा लागला. पगडीत दडवला, पेटीत दडवला, लोखंडी गजांआड ठेवला. आपली बाव कुणी दडवली का? बहात्तर साली मी शाळकरी पोर होतो. शेजारच्या गावातून आईबरोबर घागर घेऊन इथं आलो होतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली आजूबाजूची गावं या पायऱ्या उतरली. ओढ्याच्या अलीकडची उतरली, पलीकडची उतरली. कुणाला नाव विचारलं? कुणाला जात विचारली? एक घागर तरी रिकामी परत गेली का, सांगा!"

"न्हाईऽ!" हा आवाज पोरांचा नव्हता. झाडाखालून, म्हाताऱ्यांतून आला होता. मग बायकांतूनही आला.

हणमंतराव उठले. त्यांनी अवघडून पडद्याच्या दोरीला हात घातला.

"तो आज राहू द्या साहेब," गुरुजी म्हणाले. "रंग ओला हाय."

गावात हसू पसरलं. उपहासाचं नव्हे, घरातलं. गुरुजीही हसले. मग माइक घेऊन ते दोन पायऱ्या खाली उतरले आणि बायकांच्या रांगेपाशी थांबले.

"या बावीचं नाव काय हाय, ते आमची सून सांगती. ऊठ सिंधु."

सिंधु उठली. पदर सावरून तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"इदु नम्म हिरे बावी," ती म्हणाली.

ती मराठीत अर्थ सांगणार, तोच वरच्या आळीच्या माणसांतून "हौदु, हौदु!" असा होकाराचा गलका उठला. बसम्मा खुर्चीतूनच हात पसरून बावीचा आकार दाखवू लागली. एरवी गप्प बसणाऱ्या किती तरी बायका एकमेकींना कोपर मारत कानडीत बोलायला लागल्या, आणि गुरुजींना गावातले ते आवाज आज पहिल्यांदाच कानी पडल्यासारखे वाटले.

"म्हणजे काय?" हणमंतरावांनी वाकून विचारलं.

"ही आमची मोठी विहीर," गुरुजी म्हणाले. सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

सिंधुनं माइक परत त्यांच्यापुढे केला. गुरुजींनी तो घेतला नाही. ते तिथेच पायरीवर, पोरांमध्ये मांडी घालून बसले.

"अजून बोल," ते म्हणाले. "कानडीतच बोल."