दहा मात्रा

दत्तमंदिराच्या कलशारोहणाला दोन दिवस उरले होते आणि मार्तंडरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा गार होई, ते दारापर्यंत जाऊन परत येत.

चाळीस वर्षांपूर्वी या मंदिरात मूर्ती बसली, तेव्हा त्यांनी दत्ताचं स्तवन बांधलं होतं. सगळ्यांनी मिळून गायचं, झपतालात. त्यांची ती पहिली रचना. मुख्य गाणारी त्यांची बायको, अनुसूया. तिला जाऊन आता चौदा महिने झाले होते. कलशारोहणाला तेच स्तवन हवं, असं ठरलं आणि झाशीतल्या बारा मराठी बायकांनी त्या दिवसाच्या जुन्या कॅसेटवरून ते बसवलं.

तालमीला मार्तंडराव पेटी घेऊन बसले, तबल्याला श्रीकृष्ण. तिसरं कडवं संपलं आणि सगळ्या गप्प. तबल्याचं एक अख्खं आवर्तन गेलं, दहा मात्रा. मग पुन्हा सुरू.

"इथे थांबायचं नाही!"

"काकाजी, कॅसेटमध्ये असंच आहे," कमलिनी म्हणाली. "काकू थांबल्यात."

"ती चूक आहे."

"लो! महिनाभर आम्ही चूकच घोटली," शारदा मागून म्हणाली. "पण काकू बऱ्या होत्या हं, दम तरी खाऊ द्यायच्या."

सगळ्या हसल्या. मार्तंडराव हसले नाहीत. मूर्ती बसली तेव्हा अनुसूयेला सातवा महिना होता. दम पुरेना म्हणून ती थांबली आणि त्यांनी पेटीवर मागचीच ओळ वाजवून वेळ निभावली. घरी आल्यावर म्हणाले, "माझी पहिली रचना तू घालवलीस." ते स्तवन ती पुन्हा कधी गायली नाही.

दोन दिवस त्यांनी बायकांकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेऊन ती थांबायची जागा काढून टाकली. आता तरी रचना सरळ व्हायला हवी होती. तरी रात्री डोळ्याला डोळा लागेना.

कलश शिखरावर चढला, खाली गाणं सुरू झालं. तिसरं कडवं संपत आलं. बायकांनी श्वास न घेता पुढे जायची तयारी केली.

मार्तंडरावांनी पेटीवरचा हात उचलला आणि वर धरला.

कमलिनी थबकली, पाठोपाठ साऱ्या. श्रीकृष्ण तबल्यावर ठेका धरून राहिला. बारा जणींचा श्वास ऐकू येत होता. दहा मात्रा झाल्यावर त्यांनी हात खाली आणला.

प्रसाद घेताना शारदेने विचारलंच, "काकाजी, आता ही चूक कोणाची?"

"माझी," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.